चाळीस घरांची यादी

गेल्या महिन्यात एका स्नेह्यांनी घरी बोलावले. ते डॉक्टर आहेत. मुलगी अमेरिकेत अटलांटाजवळ असते, तिच्याकडे तीन महिने राहून नुकतेच परतले होते. चहा झाल्यावर त्यांनी खिशातून एक कागद काढला. त्यावर आमच्या शहरातल्या चाळीस मुस्लिम कुटुंबांची नावे होती. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, दोन बिल्डर, काही सरकारी अधिकारी. माझेही नाव होते.

कल्पना अशी की या चाळीस घरांचा एक क्लब करायचा. महिन्यातून एकदा मुलांनी एकत्र यायचे, सहली, स्पर्धा-परीक्षांचे मार्गदर्शन, वक्तृत्व, पोहणे. पुढे ‘चांगल्या घरांत’ रिश्ते जुळायलाही सोय. नवीन कुटुंब घ्यायचे तर आधीच्या सदस्याने नाव सुचवायचे आणि बाकीच्यांनी होकार द्यायचा. डॉक्टरसाहेब म्हणाले, “अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी हे ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी केले. म्हणून त्यांच्यातून जज, सर्जन, मेयर निघाले. आपण मात्र अजून जलशात भाषणे ठोकत बसलोय.”

त्यांची नियत साफ आहे, हे आधीच सांगून टाकतो. आणि मोह मलाही झाला, हेही सांगतो. माझी मुलगी ज्या शाळेत जाते तिथे तिच्या वर्गात ती एकटीच मुसलमान आहे. बातम्यांत काही घडले की दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत उत्तरे तिला द्यावी लागतात. जिथे तिला कुणाला काही समजावून सांगावे लागणार नाही अशी एखादी जागा तिला मिळावी, असे मला वाटते. त्यामुळे तो कागद मी लगेच परत केला नाही. घरी आणला, आणि ज्या उदाहरणाच्या जोरावर तो तयार झाला त्या उदाहरणाकडे नीट पाहिले. जे दिसले ते इथे मांडतो. डॉक्टरसाहेब हा ब्लॉग वाचतात. हे उत्तर त्यांनाच आहे.

ज्या संस्थेचे त्यांनी कौतुक केले तिचे नाव ‘जॅक अँड जिल ऑफ अमेरिका’. जानेवारी १९३८ मध्ये फिलाडेल्फियात वीस कृष्णवर्णीय मातांनी ती स्थापन केली. पुढाकार मॅरियन स्टब्ज थॉमस यांचा. त्या स्वतः पियानोवादक, पती शल्यचिकित्सक. तो काळ असा होता की शहरात पोहण्याचा तलाव असला तरी काळ्या मुलाला पाण्यात उतरता येत नसे, करमणुकीची बाग असली तरी फाटकावरून परत यावे लागे. बाप सर्जन असला तरी गोऱ्यांच्या वस्तीत घर मिळत नसे आणि काळ्यांच्या वस्तीत बँक कर्ज देत नसे. शाळेतल्या वाढदिवसाच्या आमंत्रणांत आपल्या मुलाचे नाव का नसते, हे आईने सहा वर्षांच्या लेकराला कसे सांगायचे? त्या वीस जणींनी सांगत बसण्याऐवजी मुलांना एकमेकांची सोबत दिली. पुढच्या दोन वर्षांत न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनला शाखा निघाल्या. आज देशभर अडीचशेच्या आसपास शाखा आहेत. सदस्यत्व आईच्या नावावर असते, दोन ते एकोणीस वर्षांची मुले कार्यक्रमांत येतात. १९६८ मध्ये संस्थेने एक प्रतिष्ठानही काढले, त्यातून समाजकार्याला देणग्या जातात.

यातल्या कुठल्याही गोष्टीची थट्टा करण्याचा अधिकार मला नाही. वर्गात एकट्या पडलेल्या मुलीच्या बापाला तर नाहीच.

पण या संस्थेची दुसरी बाजू डॉक्टरसाहेबांनी सांगितली नाही, किंवा पाहुणा म्हणून गेल्यामुळे त्यांना ती दिसली नाही. जॅक अँड जिलमध्ये अर्ज करून कुणी आपसूक सदस्य होत नाही. आत असलेल्या कुणी तरी तुमचे नाव सुचवावे लागते आणि शाखेने ते मान्य करावे लागते. ज्या स्त्रीचे बालपण याच संस्थेत गेले तिच्यासाठी वाट सोपी असते, म्हणजे सदस्यत्व जवळपास वारशानेच उतरते. वर्गणी आहे, कार्यक्रमांचा खर्च आहे, आणि त्याहून महाग म्हणजे वेळ आहे. रुग्णालयात रात्रपाळी करणारी मदतनीस, शाळेच्या बसची चालक, दोन नोकऱ्या करणारी एकटी आई, यांची मुलेही त्याच तलावाच्या फाटकावरून परत गेली होती. त्यांना कुणी सुचवले नाही. गोऱ्याने काळ्याला अडवले तेव्हा सर्जनचा मुलगा आणि हमालाचा मुलगा यांत त्याने फरक केला नव्हता. तो फरक नंतर आपल्याच माणसांनी केला.

‘हे थोडेफार चालणारच’ असे म्हणून सोडून देता येईल का? मला वाटत नाही, कारण ही सवय १९३८ ची नाही. ती किती जुनी आहे हे पाहायचे तर दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहरात जावे लागते. तिथे १७९० मध्ये स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेल्या, मिश्रवंशीय पुरुषांनी ‘ब्राउन फेलोशिप सोसायटी’ काढली. हे लोक गोऱ्यांच्याच चर्चमध्ये प्रार्थनेला जात, पण मेल्यावर त्या चर्चच्या कब्रस्तानात त्यांना जागा नव्हती. म्हणून त्यांनी आपले कब्रस्तान केले, विधवांना मदत केली, मुलांच्या शिक्षणाची सोय केली. इथपर्यंत सगळे कौतुकास्पद. पण सदस्य पन्नासच, आणि रंग उजळ हवा. गडद काळ्या रंगाच्या स्वतंत्र माणसाला तिथे प्रवेश नव्हता. अखेर १८४३ मध्ये गडद रंगाच्या लोकांनी आपली वेगळी संस्था काढली आणि त्यांचेही कब्रस्तान झाले, पहिल्याला लागूनच. गोऱ्यांनी मातीत जागा नाकारली म्हणून ज्यांनी स्वतःची माती विकत घेतली, त्यांनी तीच माती आपल्या काळ्या भावाला नाकारली.

हे वाचताना मराठी मुसलमानाला कान टवकारावेच लागतील. ‘आपल्यात असले काही नसते’ हे वाक्य आपण सगळ्या सभांत म्हणतो. बिहारमध्ये अली अन्वर यांनी गावोगाव फिरून ‘मसावात की जंग’ लिहिले, ते २००१ साली प्रसिद्ध झाले. खालच्या मानल्या गेलेल्या मुस्लिम बिरादऱ्यांना कब्रस्तानातही वेगळे ठेवले जाते, हे त्यांनी त्यात मांडले तेव्हा रागावणारे लोक आपलेच होते. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात अशराफ, अजलाफ आणि अरजल अशी विभागणी छापून आली आहे. अहवाल आपण मोर्चात मिरवला, ती पाने मात्र दुमडून ठेवली.

आता विसाव्या शतकाकडे येऊ. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हे नाव मराठी वाचकाला परके नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये ज्यांना पत्र लिहिले तेच हे विद्वान. १९०३ मध्ये ड्यू बॉइस यांनी मांडले होते की कुठलाही समाज त्यातल्या हुशार दहाव्या हिश्श्याच्या बळावर वर येतो. म्हणून या दहाव्या हिश्श्याला उत्तम शिक्षण द्या, ते बाकीच्यांना वर ओढतील. डॉक्टरसाहेबांच्या कागदामागचा विचार हाच आहे. आधी चाळीस घरे सुधारतील, मग ती इतरांना सुधारतील.

पण ड्यू बॉइस १९०३ मध्ये थांबले नाहीत. १९४८ मध्ये ओहायोतल्या विल्बरफोर्स इथे ते पुन्हा याच विषयावर बोलले. समोर कोण होते? ‘सिग्मा पाय फाय’, म्हणजे ‘बुले’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मंडळाचे सदस्य. फिलाडेल्फियातल्या डॉक्टर मंडळींनी १९०४ मध्ये काढलेला, कृष्णवर्णीय यशस्वी पुरुषांचा हा सर्वांत प्रतिष्ठित क्लब. ड्यू बॉइस स्वतः त्याचे सदस्य. त्या आपल्याच लोकांसमोर ऐंशी वर्षांच्या त्या माणसाने कबुली दिली की तरुणपणी माझा हिशेब चुकला. ज्ञान आले की त्याग आपोआप येईल असे मी धरून चाललो होतो, आणि माणसाला त्यागापेक्षा स्वार्थ सोपा जातो हे माझ्या ध्यानात आले नव्हते. नंतर त्यांनी श्रोत्यांना त्यांचीच संख्या, त्यांचीच सुबत्ता आणि त्यांचे बेताचेच सामाजिक काम दाखवून प्रश्न केले. आपल्या सिद्धांताची अशी झडती घ्यायला मोठे मन लागते. आपण मात्र त्यांचा १९०३ चा विचार घेतो आणि १९४८ ची कबुली तिथेच ठेवून येतो.

त्यांच्यानंतर हॉवर्ड विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ ई. फ्रँकलिन फ्रेझियर यांनी ‘ब्लॅक बुर्झ्वाझी’ लिहिले. आधी १९५५ मध्ये फ्रेंचमध्ये, मग १९५७ मध्ये इंग्रजीत. त्यांचा रोख असा होता की गोऱ्यांनी ज्यांना माणूस म्हणून मोजले नाही त्या मध्यमवर्गाने आपल्यापुरते एक लुटुपुटीचे जग उभारले आहे. मेजवान्या, नृत्यसमारंभ, वर्तमानपत्रांच्या ‘सोसायटी’ पानांवरचे फोटो. खऱ्या जगात हातात सत्ता नाही, मोठा उद्योग नाही, पण आपल्या वर्तुळात कोण कुणाला बोलावतो यावर प्रतिष्ठेचे सगळे व्यवहार चालतात. फ्रेझियर यांच्यावर त्यांच्याच वर्गातले लोक फार चिडले. त्यांचा सूर कडवट होता आणि त्या वर्गाने चळवळीला दिलेले वकील, शिक्षक, पैसा यांना त्यांनी पुरते श्रेय दिले नाही, हे मला मान्य आहे. नागरी हक्कांचे खटले लढायला शिकलेलेच लोक लागले. पण ते खटले लढले ते कोर्टात आणि संघटनांत. क्लबाच्या निमंत्रणपत्रिकेने एकही खटला जिंकला नाही.

मुस्लिम वाचकांसाठी आणखी एक साक्षीदार बोलावतो, मॅल्कम एक्स. मशिदीबाहेर त्यांचे पोस्टर विकणारे आपल्याकडेही भेटतात. १९४१ मध्ये, जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा असताना, हा मुलगा बॉस्टनच्या रॉक्सबरी भागात सावत्र बहिणीकडे राहायला आला. घर टेकडीवरच्या कृष्णवर्णीयांच्या प्रतिष्ठित वस्तीत होते. १९६५ साली आलेल्या आत्मचरित्रात त्यांनी या टेकडीचे वर्णन केले आहे. तिथले लोक खालच्या वस्तीतल्या काळ्यांकडे तुच्छतेने पाहत. कुणी म्हणे मी बँकिंगमध्ये आहे, कुणी म्हणे सरकारात आहे. प्रत्यक्षात एक बँकेची फरशी पुसत असे आणि दुसरा कचेरीत निरोप पोचवत असे. मॅल्कम त्यांना हसतात, पण त्या हसण्यात दया आहे. ज्या देशाने सन्मानाचे काम दिले नाही तिथे माणूस कामाचे नाव तरी बदलून घेतो. बहिणीला वाटे, भावाने टेकडीवरच्या मुलांत मिसळावे. तो खाली गेला, एका नृत्यगृहात बूट पॉलिश करू लागला. पुढे तो भरकटला, तुरुंगात गेला.  तुरुंगात त्याच्यापर्यंत पोचले ते ‘नेशन ऑफ इस्लाम’चे लोक. त्यांच्या शिकवणुकीतले बरेच काही आपल्याला अमान्य आहे, १९६४ च्या हजनंतर मॅल्कमलाही अमान्य झाले. पण ते कैद्याला पत्र लिहीत होते, नशेच्या आहारी गेलेल्याला उठवून बसवत होते. दारात उभे राहून ‘तुझे नाव कुणी सुचवले?’ असे त्यांनी विचारले नाही. आपण पोस्टर मॅल्कमचे लावतो, आणि यादी करायची वेळ आली की टेकडीवर जाऊन बसतो.

यावर डॉक्टरसाहेब म्हणतील, “ठीक आहे, स्वार्थ तर स्वार्थ. निदान त्या मुलांचे तरी भले झाले ना?” हा सर्वांत मजबूत मुद्दा आहे. म्हणून तो आकड्यांत तपासू.

अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यम संपत्ती सुमारे २ लाख ८५ हजार डॉलर आढळली, कृष्णवर्णीय कुटुंबाची ४५ हजारांच्या आत. क्लब आणि संस्थांच्या इतक्या वर्षांनंतरची ही दरी आहे. क्लबामुळे ती पडली असे मी म्हणत नाही, ती गुलामी, कायदे आणि बँकांनी पाडली. पण क्लबाने ती बुजत नाही, एवढे दिसते. दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये कोट्यवधी अमेरिकनांच्या नोंदी तपासून दाखवले की उत्पन्नाच्या सर्वांत वरच्या पाचव्या हिश्श्यात जन्मलेली कृष्णवर्णीय मुले मोठेपणी तिथेच टिकण्याची शक्यता आणि थेट तळाच्या पाचव्या हिश्श्यात घसरण्याची शक्यता जवळपास सारखीच असते. गोऱ्या मुलांमध्ये टिकण्याची शक्यता घसरण्याच्या जवळपास पाचपट आहे. म्हणजे वरच्या घरातल्या आईची भीती खरी आहे. तिच्या मुलाच्या पायाखालची जमीन गोऱ्या शेजाऱ्याइतकी घट्ट नाही. पण ती जमीन घट्ट होते पगारातला भेदभाव, पोलिसांचा भेदभाव, घरांचा भेदभाव मोडून. त्यासाठी संख्या लागते, आणि संख्या नेहमी यादीबाहेर असते.

लॉरेन्स ओटिस ग्रॅहम यांची गोष्ट ऐका. न्यूयॉर्कजवळ वाढलेले, जॅक अँड जिलमध्येच बालपण गेलेले, हार्वर्डमधून कायदा शिकलेले वकील. १९९२ मध्ये त्यांनी एक धाडस केले. कनेक्टिकटमधल्या गोऱ्यांच्या एका कंट्री क्लबमध्ये त्यांना सदस्य म्हणून कुणी घेणार नव्हते, म्हणून टेबले उचलणारा पोऱ्या म्हणून ते आत गेले आणि तिथे जे ऐकले-पाहिले ते नियतकालिकात लिहिले. १९९९ मध्ये त्याच ग्रॅहम यांनी ‘अवर काइंड ऑफ पीपल’ हे पुस्तक लिहिले, कृष्णवर्णीय उच्चभ्रूंच्या क्लबांवर, त्यांच्या सुट्टीच्या गावांवर, त्यांच्या शाळांवर. त्यात टीका आहे आणि अभिमानही आहे. नावातच बघा: ‘आपल्यासारखी माणसे’. गोऱ्या क्लबच्या दारावरची पाटी वाचून ज्याचे रक्त उसळले, त्याला आपल्या क्लबच्या दारावरची पाटी मात्र घरची वाटली.

याच ग्रॅहम यांनी २०१४ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये एक लेख लिहिला. त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा उन्हाळी वर्गासाठी एका नामांकित निवासी शाळेत होता. आवारातून चालला असताना गाडीतून दोन माणसे आली, काच खाली केली आणि त्याला ती शिवी दिली जी त्या देशात काळ्या माणसाला तीनशे वर्षे दिली गेली आहे. बाप लिहितो की आपण मुलांना कपडे कसे घालावे, कसे बोलावे, हात कुठे ठेवावे हे सगळे शिकवले होते. आपले शिक्षण, पैसा आणि राहणी हे त्यांचे चिलखत होईल अशी आपली समजूत होती, आणि ती चुकीची निघाली. ज्या माणसाला या वर्गाची खडान्खडा माहिती होती त्याची ही कबुली आहे. गाडीतल्या माणसांनी काच खाली करण्यापूर्वी मुलाच्या आईवडिलांचे क्लब विचारले नाहीत.

आपल्याकडेही विचारत नाहीत, डॉक्टरसाहेब. घर भाड्याने देणारा मालक नाव ऐकून ‘जागा गेली’ म्हणतो तेव्हा तुमची डिग्री विचारत नाही.

कुणी म्हणेल, क्लब तर सगळेच काढतात, जातीजातींची मंडळे आहेत, गोऱ्यांचे कंट्री क्लब आहेत, मग बोट कृष्णवर्णीयांकडेच का? बरोबर आहे. त्या मातांवर मी खटला भरत नाही, त्यांचा पहिला गुन्हेगार तलावाच्या फाटकावर उभा होता. माझे भांडण त्यांच्या उदाहरणाची अर्धीच गोष्ट आयात करणाऱ्यांशी आहे. आणि उदाहरणच हवे असेल तर त्याच समाजात दुसरे आहे. ते आपण का घेत नाही?

पुन्हा चार्ल्सटनलाच चला, जिथे ती दोन कब्रस्ताने शेजारी शेजारी होती. याच शहरात सेप्टिमा क्लार्क जन्मल्या. बाप गुलामीत जन्मलेला, आई लोकांचे कपडे धुणारी. त्या शिक्षिका झाल्या, चाळीस वर्षे शिकवले. १९५६ मध्ये राज्याने कायदा केला की सरकारी नोकराने एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेचे सदस्य राहू नये. बाईंनी सदस्यत्व नाकारले नाही. नोकरी गेली, निवृत्तिवेतन गेले. त्या सुशिक्षित कृष्णवर्णीय स्त्रियांच्या एका प्रतिष्ठित भगिनीमंडळाच्या सदस्या होत्या. मंडळाने त्यांचा सत्कार केला, पण त्यांच्यासोबत फोटो काढायला भगिनी तयार होईनात. फोटो छापला तर आपलीही नोकरी जाईल ही भीती. भीती खोटी नव्हती. पण त्या संध्याकाळी क्लबचा हात कुठपर्यंत पोचतो हे कळले.

मग बाईंनी काय केले? जानेवारी १९५७ मध्ये चार्ल्सटनजवळच्या जॉन्स आयलंड बेटावर एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत प्रौढांची शाळा सुरू झाली. मतदार म्हणून नोंदणीसाठी लिहिता-वाचता यावे लागे, ते शिकवायचे. शिकवायला ठेवले कुणाला? बर्निस रॉबिन्सन यांना. त्या केशरचना करणाऱ्या होत्या, शिवणकाम करत, शिक्षिका कधीच नव्हत्या. गिऱ्हाइके काळ्याच बायका, त्यामुळे कुणी गोरा त्यांना कामावरून काढू शकत नव्हता. शेतमजूर आणि मोलकरणी रात्री येत, सही करायला शिकत, मनीऑर्डरचा फॉर्म भरायला शिकत. या एका खोलीचे लोण पुढे दक्षिणेतल्या राज्याराज्यांत पोचले आणि हजारो लोक मतदार झाले. त्या खोलीला दार होते, पण निमंत्रण नव्हते. ज्या केशरचनाकारिणीला कुठल्या क्लबने सुचवले नसते, तिच्या वर्गाने जे केले ते कुठल्याही नृत्यसमारंभाने केले नाही.

डॉक्टरसाहेब, अटलांटाचीच आणखी एक गोष्ट. अमेरिकेतल्या मुसलमानांत साधारण पाचवा हिस्सा कृष्णवर्णीय आहे. १९६५ च्या नव्या स्थलांतर कायद्यानंतर आपल्या उपखंडातून डॉक्टर आणि इंजिनिअर तिथे गेले आणि उपनगरांत स्थिरावले. जमिला करीम या कृष्णवर्णीय मुस्लिम संशोधिकेने शिकागो आणि अटलांटातल्या मुस्लिम स्त्रियांवर २००९ मध्ये पुस्तक लिहिले. दक्षिण आशियाई आणि कृष्णवर्णीय मुसलमान एकाच दीनचे असूनही वस्ती, पैसा आणि रंग त्यांना कसे वेगळ्या मशिदींत नेऊन बसवतात, हे त्यात आहे. जुम्म्याच्या खुतब्यात आपण हजरत बिलालांचा किस्सा सांगतो आणि डोळे पुसतो. नमाजनंतर गाडी काढतो आणि बिलालच्या वस्तीला वळसा घालून घरी जातो. क्लब काढण्यासाठी तिथून शिकून यायचे, आणि हे मात्र तिथेच ठेवून यायचे?

आता तुमच्या कागदाकडे येतो. मी तो तीनदा वाचला. चाळीस आडनावांत बागवान नाही, पिंजारी नाही, कुरेशी नाही, छप्परबंद नाही. तुम्ही मुद्दाम वगळले नाहीत, हे मला माहीत आहे. तुम्ही फक्त ‘ओळखीची चांगली घरे’ लिहीत गेलात. असेच होते. चार्ल्सटनला निदान रंगाचा नियम उघड होता, आपल्याकडे तो ‘खानदान’, ‘शराफत’, ‘माहोल’ अशा मऊ शब्दांत असतो. यंदा मोहल्ल्यातल्या गवंड्याच्या मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला. तुमच्या दवाखान्यात तुम्ही तिला पेढा दिलात. ती यादीत नाही, कारण तिच्या बापाच्या घरी चाळीस घरांचे पाहुणे बसतील अशी बैठकीची खोली नाही.

महाराष्ट्रात याच्या उलटही घडले आहे. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली तेव्हा समाजातले प्रतिष्ठित लोक ‘इस्लाममध्ये जात आणता’ म्हणून त्यांच्यावर तुटून पडले. त्या वेळी त्यांच्या व्यासपीठावर येऊन बसले ते दिलीपकुमार. ज्यांना देशातल्या कुठल्याही क्लबचे दार उघडे होते, ते विणकर, बागवान, पिंजाऱ्यांच्या सभेत आले. आज त्या आरक्षणावर शिकलेली मुले डॉक्टर होताहेत. तुमच्या दवाखान्यातली मुलगी त्यांतलीच एक असेल.

माझ्या मुलीला सोबत हवी, हे खरेच आहे. पण तिला चाळीस घरांतच वाढवले तर ती एवढेच शिकेल की आपण ‘तसल्या’ मुसलमानांपैकी नाही, असे पटवून दिले की सुटका होते. डब्याच्या सुट्टीत तिला प्रश्न विचारणाऱ्यांना हेच उत्तर हवे असते. ते मी तिच्या तोंडी घालणार नाही.

म्हणून कागद परत करतो. माझे नाव खोडले आहे. त्याऐवजी माझी मागणी अशी. पोहणे, वक्तृत्व, मार्गदर्शन, सगळे करू या. जागा तुमचा बंगला नको, मोहल्ल्यातले वाचनालय घेऊ, रविवारी ते बंदच असते, किल्ली मागून घेतो. नाव सुचवण्याची अट नको. जो मुलगा, जी मुलगी दारात येईल ती आत. शिकवायला तुम्ही या, आणि ती मेडिकलची मुलगीही येईल. तिला मी विचारले आहे, ती हो म्हणाली.

पहिल्या रविवारी सकाळी दहाला मी माझ्या मुलीला घेऊन तिथे असेन. तुम्ही नातवंडांना घेऊन या. यादी आणू नका.